नोरीबाई जेवायला बसते

आमच्या गल्लीत कुणी जेवत असेल आणि दारावरून माणूस गेला, तर जेवणाऱ्याने म्हणायचं असतं, "या जेवाले." जाणाऱ्याने म्हणायचं असतं, "जेवा, जेवा, आताच झालं." मग जाणारा जातो आणि जेवणारा जेवतो. जाणारा सकाळपासून उपाशी असला तरी हेच म्हणतो, आणि टोपल्यात एकच भाकर उरली असली तरी जेवणाराही हेच म्हणतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. ती बोलायची रीत आहे, आणि आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला ती येते.

मी वाशीमच्या कोर्टात बेलिफ होतो. उभी नोकरी लोकांच्या दारी नोटिसा आणि समन्स पोचवण्यात गेली. ज्यांच्या हातावर जप्तीचा कागद ठेवला, त्यांनीही आधी "या जेवाले" म्हटलं. मीही "जेवा, जेवा" म्हणून मगच त्यांची सही घेतली. शिरपूरपासून मानोऱ्यापर्यंत एकाही घरी मी त्या शब्दावर बसलो नाही, आणि दुसरा कुणी बसलेलाही पाहिला नाही. पाहिला तो रिटायर झाल्यावर, माझ्याच गल्लीत.

मुलगा संघपाल अकोल्याला नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्याआधी त्याचा फोन आला. "बाबा, जपानच्या एक मॅडम हायेत. सोयाबीनवर कायतरी संशोधन करून राह्यल्या. वर्षभर वाशीमले राहतीन. आपली वरची खोली देता काय?"

मी म्हटलं, देतो. वच्छला, म्हणजे माझी बायको, गेली तेव्हापासून वरची खोली रिकामीच होती. खालच्या दोन खोल्या मला एकट्याला जास्त होतात. मी एकटा राहतो, माझं मी करतो, आणि मला जमतं. कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. कुणी फारसं विचारत नाही.

मॅडमचं नाव नोरिको. वय पस्तिशीच्या पुढे, अंगाने काटक. दोन बॅगा आणि भात शिजवायचं एक यंत्र घेऊन ती ऑटोतून उतरली. वाकून मला म्हणाली, "नमस्कार. आपण कसे आहात? मी आपली अत्यंत आभारी आहे." समोरच्या चतुराबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी सुपावरून मान वर केली. "काय व, बातम्या देऊन राह्यली काय ही?" मराठी तिने तिकडेच पुस्तकावरून शिकली होती. गल्लीने पहिल्याच दिवशी तिची नोरीबाई करून टाकली.

विहाराच्या अध्यक्षांना वाटलं, बुद्धाच्या देशातून बाई आली. त्यांनी तिला पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमाला मंचावर बसवलं, हार घातला आणि दोन शब्द बोला म्हटलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला बुद्धाबद्दल फार माहिती नाही. आमच्या घरी कुणी वारलं की भिक्खू येतात. मी सोयाबीनच्या मुळांचा अभ्यास करते." अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. पुढच्या कार्यक्रमाला तिला खाली सतरंजीवर जागा मिळाली. तिथं ती जास्त खूश दिसली.

बाकीचं तिचं तीच शिकत गेली. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. हे तिला सांगायचं कुणाला सुचलंच नाही, कारण हे सांगायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिला आठवडा तिने दोन बादल्यांत काढला. ऑटोत बसून ती "चला" म्हणायची आणि ऑटोवाला तंबाखू मळत बसायचा. ऑटो भरल्याशिवाय निघत नाही हे कळल्यावर तीही पिशवी मांडीवर घेऊन गप बसायला शिकली. सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा मीठ घालून उकडायची आणि एकेक दाणा काढून खायची. चतुराबाईंचा मुलगा हरीओम दरसाल सोयाबीन पेरतो. त्याने हे बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं, "आमी इकतो, अन् ते बाई खाऊन राह्यली!"

दाराचा घोळ मात्र मोठा झाला. ती दार लावून बसायची. आमच्याकडे दिवसाढवळ्या दार लावलं म्हणजे घरात एक तर ताप आहे नाहीतर भांडण. त्यामुळे दर थोड्या वेळाने कुणीतरी जिना चढून जायचं. "काहून व नोरीबाई, तब्येत बरी नाई काय?" ती दार उघडून वाकायची, बरी आहे म्हणायची आणि पुन्हा लावायची. शेवटी तिने दार उघडं ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसू लागली.

असे कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी चतुराबाई ओट्यावर अंबाडीची भाजी आणि भाकर घेऊन बसल्या होत्या. नोरीबाई कामावरून येत होती. चतुराबाई सवयीने म्हणाल्या, "या जेवाले, नोरीबाई."

नोरीबाई थांबली. तिने वर माझ्या घराच्या जिन्याकडे बघितलं. मग चपला काढल्या, त्यांची तोंडं रस्त्याकडे करून नीट लावल्या आणि चतुराबाईंच्या समोर मांडी घालून बसली.

चतुराबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. मी माझ्या दारातून हे पाहत होतो. मग त्यांची सून राखी आतून ताट घेऊन आली आणि पुन्हा आत पळत जाऊन तिने तव्यावर भाकर टाकली. बसलेल्या माणसाला वाढावंच लागतं. नोरीबाई पोटभर जेवली आणि हात जोडून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. स्वतःचं ताट घासायला घेतलं तेव्हा चतुराबाईंनी ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोमतीबाईंकडे तेच झालं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या दाराशी. बायका आपसात बोलू लागल्या. "उपाशी हाये काय बिचारी?" "काइची उपाशी, पगार असन तिले भक्कम." "मंग काहून बसते थे?" आठवडा झाला नाही तोच गल्लीत एक नवल घडलं. जी गल्ली तिच्या लावलेल्या दारावर टकटक करत होती, तीच आता दिवेलागण झाली की आपापली दारं लावून जेवायला लागली.

माझं दार उघडं राहिलं. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. पाटावर बसल्यावर पुन्हा उठून दार लावायचं माझ्या गुडघ्यांना परवडत नाही. नोरीबाई जिन्याशी आली, मी म्हटलं, "या जेवाले," आणि ती आली. सकाळचं वरण होतं आणि कडक झालेल्या पोळ्या. तिने त्या वरणात कुस्करल्या आणि खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच येऊ लागली.

आम्ही बोलायचो असं नाही. ती मुळांवरच्या गाठींबद्दल कधी काही सांगायची, मी कधी एखाद्या जुन्या केसचं सांगायचो. एकदा मी तिला विचारलं, तिकडे घरी कोण असतं. आई होती, म्हणाली, आता नाही. मी म्हटलं, माहीही बायको नाही. एवढ्यावर तो विषय संपला आणि आम्ही वरण वाढून घेतलं. बहुतेक वेळ नुसतं जेवायचो. तिला जेवताना बोललंच पाहिजे असं वाटत नव्हतं, ही तिची गोष्ट मला आवडली.

तिच्यामुळे मी स्वयंपाक करू लागलो, हेही सांगायला हवं. एकटा होतो तेव्हा सकाळचंच संध्याकाळी चालायचं, आणि सकाळचं म्हणजे पुष्कळदा कालचं. आता मी बाजारातून वांगी आणू लागलो. बेसन केलं, पातोड्या केल्या, पातोड्या फुटल्या आणि तिने त्या फुटक्याच मागून घेतल्या. रविवारी मटण आणलं तर ती रस्सा वाटीने प्यायली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "तिखट झालं काय?" ती म्हणाली, "लय मस्त झालं काका, मले अजून द्या." मले, म्हणाली. पुस्तकातलं मराठी तिने कधी सोडलं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

संघपाल फोनवर म्हणाला, "बाबा, तुमचा आवाज बदलला." मी म्हटलं, "फोन बदलून घे."

मग राखीने ते सांगितलं. राखी गुणाची पोरगी आहे, बी.एड. केलेली, आणि तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटलं, परक्या मुलखातली बाई आहे, हिला कुणीतरी नीट समजावलं पाहिजे, लोक मागून हसतात ते बरं नाही. ओट्यावर चार बायका बसल्या होत्या, मी माझ्या दारात होतो. नोरीबाईला बोलावून राखी म्हणाली, "ताई, राग नका मानू. आपल्याकडे या जेवाले असं नुसतं म्हणतात. खरंच बसायचं नसते. तुमी म्हणायचं, जेवा, जेवा, आताच झालं."

कुणी हसलं नाही. गोमतीबाई नखं बघत बसल्या. नोरीबाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने राखीला वाकून नमस्कार केला, मग एकेकीला केला, मग गल्ली ओलांडून मला केला. "मला क्षमा करा," म्हणाली, पुन्हा त्या पुस्तकातल्या मराठीत. दुसऱ्या दिवशी तिने ज्या ज्या घरी ती जेवली होती तिथं तिथं कागदात बांधलेली जपानी मिठाई पोचवली. माझी पुडी सगळ्यांत मोठी होती. ती घेताना माझी मलाच चीड आली.

त्या दिवसापासून ती चुकली नाही. चतुराबाई ओट्यावरून म्हणायच्या, "या जेवाले." नोरीबाई पाऊल न थांबवता म्हणायची, "जेवा, जेवा मावशी, आताच झालं." हेल सुद्धा बरोबर. गल्लीतली दारं पुन्हा उघडी झाली. सगळ्यांना तिचं फार कौतुक वाटलं. चतुराबाई मला म्हणाल्या, "आता पक्की वाशीमची झाली पोरगी." मी मान हलवली.

माझ्या दारावरूनही ती तशीच जायची. मी म्हणायचो, "या जेवाले." ती म्हणायची, "जेवा काका, आताच झालं," आणि जिना चढून जायची. आताच कुठून झालं? कामावरून येऊन चपलाही काढल्या नव्हत्या. वरून ना फोडणीचा वास यायचा, ना भांड्याचा आवाज.

मी आवाज चढवून म्हणून पाहिलं. "या नं जेवाले, खरंच या." ती म्हणाली, "खरंच झालं काका." तिला तेही शिकवलं असणार, की आग्रह झाला तरी नाहीच म्हणायचं. मी वाटीभर भरीत वर नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, आणि रिकामी पाठवू नये म्हणून तिच्यात साखर घालून आली. बाई सगळंच शिकली होती. कोर्टात बरं असतं. नोटीस ऐकली नाही तर समन्स निघतं, समन्स ऐकलं नाही तर त्याच्या पुढचा कागद निघतो. इथं माझ्याजवळ एकच शब्द होता आणि तो सगळी गल्ली सगळ्यांना म्हणत होती.

मी दोघांचं करत राहिलो, कारण हात आता त्याच मापाने पीठ घेत होते. उरलेलं कुत्र्याला जायचं. मग मी करणंच सोडलं. पुन्हा कालचं आज. मला वाईट वाटत होतं, आणि ते ज्याला सांगावं असा माणूस मला वाशीमात आठवत नव्हतं.

त्यातच संघपालचा फोन आला. "बाबा, मॅडम अकोल्याले खोली पाहून राह्यल्या. या महिन्याच्या शेवटी जातो म्हणतात. काही झालं काय तिथिसा?"

"काय होणार," मी म्हटलं. "तिची मर्जी."

मी फोन ठेवला. रोजच्या वेळेला नोरीबाई आली, जेवा काका म्हणाली, वर गेली. मी तर जेवतही नव्हतो. रिकाम्या पाटाशेजारी उभा होतो, आणि तिने न बघताच म्हटलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिच्या मागोमाग जिना चढलो.

दार लावलेलं होतं. नोकरीत हजारो दारं वाजवली, हे वाजवताना हात जड झाला. तिने उघडलं. खिडकीच्या फळीवर ब्रेडचा पुडा आणि चहाचा कप होता. खुर्ची असून ती उभ्यानेच खात होती. बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि तिच्यात अर्धे कपडे भरलेले होते.

"नोरीबाई," मी म्हटलं, "मी समन्स नाही आणलं. पण सरळ सांगतो. मले एकट्यानं जेवल्या जात नाही. वच्छला गेली तेव्हापासून जात नाही. तू यायची तं जात होतं. अकोल्याले नको जाऊ."

एवढं मी माझ्या मुलाशीही कधी बोललो नव्हतो. गुडघे दुखत होते म्हणून मी उंबऱ्यावरच बसलो. तीही खाली बसली, ब्रेड हातात तसाच.

मग म्हणाली, "काका, मी क्योटोची आहे. आमच्या गावात पाहुण्याला विचारतात, चहा-भात घेता का. म्हणजे, आता घरी जा. लहान मुलांनाही कळतं. कुणी हो म्हणत नाही." तिने हातातला ब्रेड खाली ठेवला. "चतुराबाई बोलल्या तेव्हा मला लगेच समजलं होतं. पहिल्याच दिवशी."

मी विचारलं, "मंग बसली कायले?"

"उठून कुठं जायचं होतं? इथं?" तिने खोलीकडे हात केला. "मला माहीत नाही असं लोकांना वाटत होतं, तोपर्यंत बसता येत होतं. बाकीच्यांनी दारं लावली, ते मला कळलं. तुमचं उघडं होतं. आता राखीताईंनी सांगितलं. आता सगळ्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. आता बसले तर निर्लज्ज म्हणतील. तुम्हालाही काहीतरी म्हणतील."

तिचं बरोबर होतं. बाईमाणूस एकटी, मी एकटा, आणि गल्लीला तोंड आहे. तिच्या अडाणीपणाने आम्हा दोघांची सोय केली होती आणि राखीने तो काढून घेतला होता. आता दुसरं काहीतरी लागणार होतं. मी उंबऱ्यावर बसून विचार केला. मग कठडा धरून खाली उतरलो आणि गल्ली ओलांडून चतुराबाईंच्या ओट्यापाशी गेलो. राखी, गोमतीबाई, हरीओम, सगळे तिथंच होते.

"बाई," मी म्हटलं, "आजपासून नोरीबाईनं माह्याकडं जेवण लावलं. दोन टाइम. महिन्याचे पैसे ठरवले मी."

खेड्यावरून शिकायला आलेली पोरं वाशीमात असं जेवण लावतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. वाटलं ते दुसरंच. चतुराबाईंनी सूप खाली ठेवलं.

"पैसे? तिच्यापाशी?"

"मंग काय फुकट घालू?"

"भाऊ, पेन्शन पुरत नाई काय तुमाले? खोलीचं भाडं घेता थे घेता, आता घासाघासाचे पैसे घेता लेकराजवळून? आमच्याकडं जेवली तं आमी मागतले काय पैसे?"

"नाही मागतले," मी म्हटलं. दारं लावली होती हे मी काढलं नाही.

गोमतीबाई म्हणाल्या, वच्छलाबाई असती तं असं होऊ नसती देत. हरीओम मोबाईलमध्ये बघत हसला. माझ्या नोकरीच्या खात्यात चहापाण्यासाठी हात पुढे करणारे पुष्कळ होते, मी त्यातला नव्हतो, आणि वाशीमात मला त्याच एका गोष्टीचा अभिमान होता. लोभी म्हणून माझं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. उद्या सकाळपर्यंत ते गल्लीच्या टोकापर्यंत जाणार, हे मला उभ्या उभ्या दिसत होतं. मला ते लागलं. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

"या वयात माणसानं इतकं हावरं असू नाई, भाऊ," चतुराबाई म्हणाल्या. त्या खरंच चिडल्या होत्या.

"हाव बाई," मी म्हटलं, "हाये मी हावरा."

मग मी वळलो आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी वर हाक मारली, "नोरी, खाली ये व. पीठ मळाचं हाये."